निळ्या रेघांचें छायाचित्र

गेल्या आषाढांत माझी पुतणी चार दिवस घरीं आली, ती तीन विक्रेत्यांचीं दरपत्रकें घेऊनच. ती जीवरसायनाच्या प्रयोगशाळेंत काम करते. तेथें जेलचीं छायाचित्रें घेण्याचें यंत्र आणावयाचें होतें व निवड तिच्यावर सोंपविलेली होती. "काका, तुम्ही नुसतें ऐका, बोलून दाखविलें म्हणजे माझें मलाच उमगतें," असें ती म्हणाली. आयुष्यभर वर्गापुढें बोलत आलेल्या मला हा ऐकण्याचा प्रसंग नवीनच होता.

जेल म्हणजे तुरुंग नव्हे, हें मला प्रथम वडील मंडळींस सांगावें लागलें. खरवसाच्या वडीसारखा लिबलिबीत, परंतु पातळ व पारदर्शक असा तो तुकडा असतो. त्यांत प्रथिनांचें मिश्रण सोडून विजेचा प्रवाह चालू केला म्हणजे लहान रेणू पुढें पळतात, मोठे मागें रेंगाळतात. आज सर्वत्र रूढ असलेली ही रीत लेम्ली यांनीं १९७० सालीं प्रसिद्ध केली. प्रथिनें रंगहीन असल्यामुळें जेल कूमासी नांवाच्या निळ्या रंगांत बुडवून मग धुतात; प्रथिनांच्या जागीं निळ्या रेघा उरतात. हा रंग मूळचा लोंकर रंगविण्याचा, आणि नांव आफ्रिकेंतील कुमासी शहरावरून पडलेलें! व्युत्पत्तीचा नाद असलेल्या मला तेवढ्यानेंच विषयाची गोडी लागली.

मागील वर्षीं मुलीची मोठी फजिती झाली होती. एक प्रथिन शुद्ध झालें असें समजून तिनें त्या जेलचें छायाचित्र मोबाइलनें घेतलें. चित्र सुरेख आलें. एकच ठळक रेघ, भोंवतीं सारें शुभ्र. मोबाइलनें आपणहून उजळपणा वाढवून खालची पुसट रेघ नाहींशी केली होती, आणि जेल तर टाकून दिलेलें. त्याच अशुद्ध प्रथिनावर तीन महिने प्रयोग चालले. परिणाम कांहीं केल्या जुळेनात. माझ्या लग्नाच्या छायाचित्रांतून छायाचित्रकारानें गालावरचा देवीचा व्रण काढून टाकिला होता व घरांत त्याचें कौतुकच झालें होतें. प्रयोगशाळेंत मात्र तो व्रणच पाहावयाचा असतो.

बुद्ध्या चित्रें बिघडविणारेही आहेत. २०१६ सालीं एलिझाबेथ बिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तपासलेल्या २०,६२१ शोधनिबंधांपैकीं शेंकडा ३.८ निबंधांत एकच चित्र गैरपणें पुन्हां वापरल्याचें आढळलें. त्यांतील निदान निम्म्या ठिकाणीं हेतुपुरस्सर फेरफार असावेत असें त्यांस वाटलें. येथें तर यंत्रच न सांगतां शोभा आणूं पाहतें.

दरपत्रकांतील पहिलें यंत्र लक्षावधि रुपयांचें, कॅमेरा व अतिनील दिवे असलेलें कपाट होतें. दुसरें अवरक्त प्रकाश टिपणारें. तांबड्या प्रकाशांत कूमासी तसा प्रकाश देतें. तिसरा साधा सपाट स्कॅनर, मात्र झांकणांतही दिवा असलेला, म्हणजे प्रकाश जेलमधून आरपार जातो. "तूं रंग कोणता वापरतेस?" एवढेंच मीं विचारलें. "केवळ कूमासी." मग स्वयंप्रकाशी रंगांसाठीं असलेल्या अतिनील दिव्यांचा खर्च कशाला?

तिचें तिलाच उमगत गेलें. स्कॅनरनें २५६ ऐवजीं ६५,५३६ छटा नोंदवाव्या, आपोआप होणाऱ्या साऱ्या सुधारणा बंद असाव्या, चित्र जेपेग न करतां टिफ ठेवावें, आणि ज्ञात घनतेची पायऱ्यांची पट्टी प्रत्येक वेळीं शेजारीं मांडावी. रेघ इतकी गडद झाली कीं यंत्राला पुढचा काळेपणा कळेनासा होतो, तर तीवरून प्रमाण काढूं नये. ओल्या जेलचें पाणी कांचेखालीं जाऊं नये म्हणून खालीं पारदर्शक पत्रा. त्यांत हवेचा बुडबुडा मात्र नको.

श्रावणांत तिनें पहिलें चित्र पाठविलें. घरांतील मंडळींस तें मळकट वाटलें. खालीं तिनें लिहिलें होतें : "काका, दुसरी रेघ दिसते."