मार आधी, मलम नंतर

दोस्तांनो, पोकेमॉनच्या लढाईत तुम्ही कुणाला पुढं करता? मी चॅरिझार्डला करायचो. आग ओकायची नि मोकळं व्हायचं! अम्ब्रिऑन म्हणजे मख्ख, काळं ध्यान. हल्ला ६५, पण बचाव ११० आणि विशेष बचाव १३०. असला गडी कशाला?

आमचे आबा तालमीतले. म्हणाले, "बाळा, खासबागेत बघ की. खाली गेलेला पैलवान छाती मातीला चिकटवून पडतो. त्याला चीत करता करता वरच्याचाच दम निघतो." मग घेतला अम्ब्रिऑन.

त्याची 'विश' ही चाल मोठी गमतीची. या फेरीत मागायचं, मिळणार पुढच्या फेरीच्या शेवटी. तेही तेव्हा मैदानात जो उभा असेल त्याला! अम्ब्रिऑनच्या पूर्ण ताकदीच्या निम्मं बळ.

दिवाळीत ताईशी जुंपली. माझा चॅरिझार्ड अर्धमेला. मी विश मागितली अन् अम्ब्रिऑनला मागं घेऊन त्याला आणलं. ताईच्या टायरानिटारनं दगड हाणला. चॅरिझार्ड आगीचा नि उडणारा, दगडाचा मार त्याला चौपट. गारद!

"अरे शहाण्या," ताई हसली, "मार आधी बसतो, मलम नंतर. मधला वार कोण सोसणार?"

आता विशनंतर मी 'प्रोटेक्ट' घालतो. वार फुकट, बळ अम्ब्रिऑनलाच. लागोपाठ केलं तर मात्र बहुधा फसतं हं! ताईनं हेही ओळखलंय. परवा त्याच फेरीत तिनं वार केलाच नाही. 'ड्रॅगन डान्स' करून टायरानिटारचा जोर नि वेग वाढवून बसली!