गुर्जी, एकीला जाऊ?

नव्वदच्या दशकात आमच्या परभणी जिल्ह्यातलं शिक्षकांचं गटसंमेलन म्हणजे निम्मं काम, निम्मी टवाळी. हजेरी, परिपत्रकांचं वाचन आणि मग नमुना पाठ. पाठ घेणारा एक, आणि सतरंजीवर मांडी घालून 'विद्यार्थी' झालेले बाकीचे मास्तर. पाठ रंगात येतो न येतो तोच निवृत्तीला टेकलेले, धोतर नेसणारे एक गुरुजी करंगळी वर करत, "गुर्जी, एकीला जाऊ?" दुसरा ओरडे, "गुर्जी, ह्यो मला चिमटे काढायलाय!" पाठ घेणाऱ्याची त्रेधा उडे.

अशाच दंग्यात एकदा भागाकार चालला होता. 612 भागिले 6. एका 'विद्यार्थ्या'नं उत्तर दिलं, बारा. हशा. फळ्यावर रीत मांडली गेली: सहाला भाग गेला एक, पुढचा एक खाली घेतला, भाग जात नाही, म्हणून शून्य. "पण गुर्जी, भाग गेलाच न्हाई तर लिहायचं कशाला?" पुन्हा हशा. तिसऱ्यांदा त्यानं तेच विचारलं तेव्हा लक्षात आलं, गडी सोंग करत नाही. पोरांना हा शून्य कसा समजवावा, हे त्याला खरंच अडलं होतं. मग काड्यांचे गठ्ठे आले. सहा शतकं सहा जणांत एकेक वाटली. दशक एकच, ते सहा जणांत वाटता येईना, म्हणून दशकाच्या घरात कुणाच्याच वाट्याला काही नाही. ते सोडवलं, दोन सुट्यांत मिसळलं, प्रत्येकाला दोन-दोन. एकशे दोन.

विस्तार अधिकारी साहेबांसमोर उभं राहून 'मला हे शिकवता येत नाही' म्हणायची कुणाची छाती होती? सोंगाच्या आडून मात्र विचारता आलं. त्या टवाळीचं खरं काम मला हेच वाटतं.

बाहेरच्या जिल्ह्यातून नेमणूक होऊन आलेला नवखा 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ऐकूनच तोंड पाडून येई. त्याच्यापुढं भाकरी-ठेचा सरकवत कुणीतरी म्हणे, "घाबरू नका सर, जगात जर्मनी, भारतात परभणी!" स्त्री-साक्षरता देशाच्या सरासरीहून कमी, म्हणून 1994 मध्ये जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमासाठी राज्यातले पहिले पाच जिल्हे निवडले, त्यात आम्ही होतो. "चला, कशात तरी पहिल्या पाचात आलो!" असं म्हणत त्याच मास्तरांनी वाड्या-तांड्यांवर फिरून मुलींची नावं पटावर आणली.

आता महिन्याला केंद्रातल्या शिक्षकांची शिक्षण परिषद होते. पीपीटी, 'निपुण भारत'ची उद्दिष्टं, उपस्थितीचा फोटो, लिंक. ग्रुपवर विनोदांचा पाऊस, पण सगळे फॉरवर्ड केलेले. आपल्याच केंद्रातल्या माणसाची थट्टा कुणी करत नाही. स्क्रीनशॉट कुठं जाईल, नेम नाही. त्यात ऑनलाइन बदल्या आल्या. खो पूर्वी जिल्हा परिषदेच्या क्रीडास्पर्धेत पाठीत बसायचा, आता बदलीच्या यादीत बसतो. ज्यानं उद्या आपली शाळा मागितली तर आपण उठलो, त्याच्यासमोर 'बारा' म्हणायला जीव धजत नाही.

जुनं सगळं गोड होतं असंही नाही. ती मौज पुरुषांची होती. बाई मोजक्या, बसायच्या मागं. चहाचं त्यांनी बघायचं आणि विनोद बऱ्याचदा त्यांच्यावरच. बोलीवरून, जातीवरून मारलेले टोमणे थट्टा म्हणून खपत, आणि ज्याला लागे त्यालाही हसावं लागे. त्या हसण्याला मी विश्वास म्हणणार नाही.

मध्यंतरी सेलूकडच्या एका परिषदेला निवृत्त म्हणून मला बोलावलं होतं. पीपीटी चालू असताना लाईट गेली. वेळ काढायला एक तरुण बाई उठल्या आणि साहेबांच्या शाळाभेटीची नक्कल सुरू केली. चष्मा नाकावर, "यू-डायस भरलं का? रजिस्टर आणा! फोटो टाकला का?" आणि पार गाडीत बसता बसता, "बरं, पोरं कुठायत?" केंद्रप्रमुख समोरच. क्षणभर सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. ते खो खो हसले, "बाई, पुढच्या भेटीला तुम्हीच जा."

त्यानंतर एक बाई आपणहून बोलल्या. तिसरीतल्या चार पोरांना जोडाक्षरं वाचता येत नाहीत, सगळं करून झालं, आता काय करू? कुणी म्हणालं, आधी त्यांच्या नावांतली, गावांतली जोडाक्षरं घ्या. कुणी पिशवीतून चिठ्ठ्यांचा खेळ काढला. तेवढ्यात लाईट आली, पीपीटी पुढं सरकली. मागच्या ओळीत जोडाक्षरांचं चालूच होतं, आणि केंद्रप्रमुखांनी कुणाला गप्प केलं नाही.