मौनी तारे : चांदूर बाजार ते खोडद

चांदूर बाजारातून यात्रेला निघायचे म्हटले की पावले मुक्तागिरीकडे वळतात. मी मात्र २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, खोडद गाठले. बडनेऱ्याहून रात्रीची रेल्वे, पुण्याहून एस.टी.ने नारायणगाव आणि पुढे मळ्यांमधून जाणारा रस्ता.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेची ही रेडिओ दुर्बीण डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. पत्र्याऐवजी बारीक पोलादी तारांची जाळी असल्याने वारा आरपार जातो आणि खर्चही वाचतो. व्यापारी मनाला हे चटकन पटते! आत मोबाईल बंद ठेवावा लागतो, कारण येथे ऐकायचे असतात ते अतिक्षीण संदेश.

त्यांपैकी काही स्पंदक ताऱ्यांचे. प्रचंड ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेला, जेमतेम २० किलोमीटर रुंदीचा हा गाभा वेगाने फिरतो आणि दीपस्तंभासारखा रेडिओझोत फिरवतो. १९६७ मध्ये जोसेलिन बेल यांना केंब्रिजमध्ये तो प्रथम गवसला. ठोके घड्याळासारखे नियमित. तरीही काही स्पंदक मध्येच गप्प होतात. फिरणे थांबत नाही, पुन्हा बोलू लागतात ते नेमक्या ठोक्यावर. एक तर आठवडाभर बोलतो आणि महिनाभर मौन धरतो. बोलतो तेव्हा त्याची गती सुमारे दीडपट वेगाने मंदावते. मौनात शक्ती वाचते, हे आपल्या साधुवर्गाला नव्याने सांगायला नको.

विशाल गज्जर, भालचंद्र जोशी आणि मायकेल क्रेमर यांनी याच दुर्बिणीने १५ स्पंदक तपासून २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांतील चार ताऱ्यांच्या मौनाची टक्केवारी जवळपास सारखी, पण मौनाची तऱ्हा प्रत्येकाची निराळी. केवळ टक्केवारीवरून तारा कळत नाही.

येथे मी थबकलो. बँकेत असताना आमच्याकडील एका संत्रा व्यापाऱ्याच्या कर्जमर्यादेच्या नूतनीकरणावर मी प्रतिकूल शेरा लिहिला होता. वर्षातील किती महिने खाते निश्चल, याची बेरीज मी केली. ते कोणते महिने, आणि बहार येताच खाते दर वर्षी जागे होते का, हे पाहिले नाही. त्याला कर्ज मिळाले नाही. त्या वर्षी त्याने राहते घर गहाण टाकले.

आज तो हयात नाही. परतल्यावर त्याच्या मुलाच्या दुकानी गेलो. मृग बहाराची आवक सुरू होती, त्याला बोलायला उसंत नव्हती. मी बाकावर बसून राहिलो.