गोदाराणी

मुंबईहून गुजरातकडे जाणारी आगगाडी पालघर सोडून बोईसरला आली, की पश्चिमेच्या अंगाला कारखान्यांची धुराडी दिसू लागतात. त्यांच्या पलीकडे तारापूरच्या समुद्रकिनारी १९६९ साली भारतातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. प्रवाशाची दृष्टी साहजिकच त्या बाजूला वळते. पूर्वेकडे मात्र डोंगरांच्या निळसर रांगा आणि त्यांच्या आश्रयाने वसलेले वारल्यांचे पाडे आहेत. धुराडी नव्हती त्या काळी या पट्ट्यातून इमारती लाकूड आणि गवत रेल्वेने मुंबईला जात असे. मुंबईच्या तबेल्यांतील म्हशी त्या गवतावर पोसल्या जात. ते कापणाऱ्या वारल्याच्या घरी मात्र पावसाळा उजाडण्यापूर्वीच धान्याची कणगी रिकामी होई.

या मुलुखाचा जुना वैरी म्हणजे वेठ. जमीनदाराचे बोलावणे आले, की स्वतःचे शेत तसेच टाकून त्याच्या शेतावर राबायला जायचे, आणि मजुरीचा शब्दही काढायचा नाही. त्याहून भयंकर प्रथा लग्नगडीची होती. लग्नासाठी तरुणाने सावकाराकडून थोडे कर्ज घ्यावे आणि त्याच्या फेडीसाठी नव्या नवरीसह त्याच्या दारी चाकरीला राहावे. हिशेब सावकाराच्या वहीत, आणि अक्षरओळख सावकारालाच. मग ते कर्ज फिटावे कसे? १९३९ साली सिमिंग्टन या सरकारी अधिकाऱ्याच्या अहवालाने या दास्याकडे मुंबई सरकारचे लक्ष वेधले होते; पण अहवाल दप्तरात राहिला आणि वेठ शेतात. हा वैरी इतका जुना झाला होता, की त्याला वैरी म्हणावे हेही कित्येकांच्या मनात येईनासे झाले होते.

त्याच्याशी सामना देण्यास १९४५ साली ज्या बाई उभ्या राहिल्या, त्यांचा जन्म पुण्यातील एका सुखवस्तू वकिलाच्या घरी झाला होता. गोदावरी गोखले हे त्यांचे माहेरचे नाव. महाराष्ट्रातील कायद्याच्या पहिल्या महिला पदवीधर म्हणून त्यांची ख्याती होती. स्वातंत्र्याच्या चळवळीत उडी घेऊन त्यांनी तुरुंगवास पत्करला. पुढे त्या भारत सेवक समाजाच्या पहिल्या स्त्री आजीव सभासद झाल्या. १९३९ साली शामराव परुळेकरांशी त्यांचा विवाह झाला आणि पतिपत्नी दोघेही साम्यवादी पक्षात गेले. त्यांचा हा राजकीय मार्ग सर्वांनाच मान्य होता असे नाही. परंतु घरचे वैभव आणि वकिलीचे उत्पन्न सोडून कुडाच्या झोपडीत आंबील पिऊन राहणाऱ्या या स्त्रीच्या निष्ठेविषयी शंका घेणे विरोधकांनाही कठीण होते.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली. उंबरगाव तालुक्यातून आलेल्या मूठभर वारल्यांपैकी माह्या धांगडा व्यासपीठावर उभा राहिला आणि त्याने आपल्या लोकांची कहाणी सांगितली. ती ऐकल्यावर गोदावरीबाईंची पावले त्या सरहद्दीकडे वळली.

तेथे पहिली अडचण जमीनदारांची नव्हती. शहरी वेशातील परका माणूस म्हणजे सावकार, कारकून, पोलीस किंवा जंगलखात्याचा शिपाई, एवढीच वारल्यांची समजूत. आणि ती अनुभवाने बनलेली, म्हणून ती खोटी तरी कशी म्हणावी? विश्वास भाषणाने मिळत नाही. पाड्यापाड्याने पायी हिंडावे, मिळेल ते खावे, मिळेल तेथे निजावे, आणि लोक बोलते होईपर्यंत ऐकत राहावे, हा मार्ग बाईंनी पत्करला.

२३ मे १९४५ रोजी झरी या गावी सभा भरली. सुमारे पाच हजार वारली जमले होते. चार गोष्टी ठरल्या : रोख बारा आणे रोज मिळाल्याखेरीज जमीनदाराच्या शेतावर काम करायचे नाही, वेठ करायची नाही, कोणी मारहाण केली तर ती मुकाट्याने सोसायची नाही, आणि सर्वांनी एक राहायचे. यांत क्रांतिकारक असे काय होते? कोणालाही त्याच्या इच्छेविरुद्ध बेकायदा राबवून घेणे हा १८६० च्या दंडसंहितेच्या ३७४ व्या कलमान्वये गुन्हाच होता. गोदावरीबाईंना ते कलम ठाऊक होते. ज्याच्यासाठी ते लिहिले गेले, त्याच्या कानी मात्र ते पंच्याऐंशी वर्षांत पोचले नव्हते. झरीच्या सभेनंतर माणसांचे जथे गावोगाव निघाले आणि लग्नगड्यांना सावकारांच्या दारांतून मोकळे करून घरी आणू लागले. ज्या दारात वर्षानुवर्षे मान खाली घालून उभे राहायचे, तेथून मान वर करून बाहेर पडणे किती अवघड गेले असेल! तेही घडले.

पावसाळा सरला आणि गवताची कापणी आली. पाचशे पौंड गवतास अडीच रुपये मिळाल्याशिवाय विळा लावायचा नाही, असे वारल्यांनी ठरविले. तेव्हा एक अफवा उठविण्यात आली : तलवाड्यास गोदूताईंची सभा आहे, त्यांच्या जिवाला धोका आहे, काठ्या घेऊन या. हजारो माणसे रात्रीतून धावली. गोदावरीबाई तेथे नव्हत्या. पण हे त्यांना कोण सांगणार, आणि पोलिसांनी सांगितले तरी ते खरे कोण मानणार? १० ऑक्टोबर १९४५ रोजी जमावावर गोळीबार झाला. जेठ्या गांगड याच्यासह पाच जण ठार झाले. तरीही लोक हटेनात. आपण पांगलो तर ताईंचे रक्षण कोण करील, एवढाच त्यांच्यापुढे प्रश्न होता.

गोळीबारानंतर बाईंना त्या प्रदेशात येण्याची बंदी झाली. पुढारी दूर असतानाही संप मोडला नाही, हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. अखेर अडीच रुपयांचा दर मिळाला.

१९६० साली राज्यांची वाटणी झाली, तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेले. झरी तलासरीसह महाराष्ट्रात राहिले आणि आता पालघर जिल्ह्यात आहे. या लढ्याची हकीकत गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात १९७० साली लिहिली. त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वारली मात्र त्यांना गोदाराणी म्हणत. मालकांचे राज्य मोडायला आलेल्या बाईंना हे नाव कितपत रुचले असेल, कोण जाणे!

८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांचे निधन झाले. दोनच दिवसांनी तलवाड्याच्या गोळीबाराला एक्कावन्न वर्षे पूर्ण होत होती.