तीन बंदुका

आमच्या घरात तीन बंदुका होत्या, तिन्ही परवान्याच्या. आज्ज्याची ठासणीची, आण्णांची बारा बोअरची दुनळी आणि मी शेतीसंरक्षणासाठी घेतलेली एकनळी. वय झालं म्हणून आण्णांनी आधीच्या दोन्ही माझ्या परवान्यावर चढवल्या होत्या. 2019 च्या डिसेंबरात कायदा बदलला. एका माणसाकडं तीनऐवजी दोनच हत्यारं. वारसानं आलेली असली तरी दोनच. जादाचं वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात नाहीतर परवानाधारक दुकानदाराकडं जमा करायचं.

एकनळी जाणार नव्हती. आजऱ्याकडं घनसाळ भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरतात, एका रात्रीत अर्धा एकर लोळवतात. एक बार काढला की कळप ओढ्यापलीकडं. गवा आणि हत्ती यांच्यापुढं मात्र बंदुकीचा उपयोग नाही. त्यांना कायद्याचं संरक्षण आहे, आणि असावंच.

राहिल्या दोन. पुण्याचा धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, "ठासणीची जमा करून टाक, दादा. दुनळीला किंमत तरी आहे."

हिशेब बरोबर होता. ठासणीची म्हणजे आधी दारू ओतायची, मग चिंध्या, छर्रे, गजानं ठासायचं, टोपी बसवायची, तेव्हा कुठं एक बार. दुसरा भरेस्तोवर डुकरं पोट भरून जातात. पावसाळ्यात दारू सर्दाळली की चाप ओढून नुसता खट्ट आवाज. आज्ज्यानं तिच्यावर तीस वर्षं शेत राखलं, एवढंच तिचं मोल.

दुनळी आण्णांनी 1968 साली गुळाच्या पैशातनं घेतली होती. चारच वर्षांनी, 1972 ला, वन्यजीव कायदा आला आणि पारध संपली. आण्णांनी रानाकडं जाणं सोडलं, पण दुनळीची निगा सोडली नाही. दर निवडणुकीला ती ठाण्यात जमा व्हायची आणि परत आली की आण्णा आधी नळी बघायचे, मग चहा घ्यायचे. म्हणून विषय काढायचा मला धीर होत नव्हता. दोन महिने गेले. शेवटी त्यांनीच काढला.

"कुठली देतोयस?"

"तुम्ही सांगा."

"दुनळी दे."

मी गप्प. तेच पुढं म्हणाले, "तिला दुसरं घर मिळंल. ह्या म्हातारीला कोन घेतंय? ठाण्यातल्या खोलीत गंजून जाईल."

आम्ही सगळे किंमत बघत होतो. म्हाताऱ्यानं मात्र मागं राहिलेलीचं काय होईल ते बघितलं.

कोल्हापूरच्या दुकानदारानं दुनळी उघडली, उजेडाकडं धरली आणि म्हणाला, "बावन्न वर्षांची वाटत नाही हो." पावती झाली, परवान्यावरची नोंद कमी झाली. आलेल्या पैशात थोडी भर घालून मी भाताच्या शेताला सौर कुंपण केलं. झटका बसला की डुक्कर त्या बाजूला फिरकत नाही. त्या वर्षी एकनळीचे जेमतेम चार बार निघाले.

ठासणीची खुंटीवर आहे. तिच्यानं शेत राखलं जात नाही. तरी परवान्याची पाच वर्षं भरली की तिला नूतनीकरणाला घेऊन जातो, म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात न्यावं तसा.