संगमाच्या गावचा तुपातला केक

प्रयागला जाऊन आलेल्या मराठी बाईला पहिला प्रश्न ठरलेला. "वेणीदान केलंत का?" जोडीने संगमावर जायचं, यजमानांनी पत्नीच्या वेणीचं टोक कापायचं आणि ते त्रिवेणीत सोडायचं, हा आपल्याकडचा जुना विधी. वेणीमाधवाचं दर्शन घेतलं, गंगाजलाचा गडू बरोबर घेतला, की आपली यात्रा पुरी होते. पण डिसेंबरात ह्या गावाला एक वास असतो आणि तो संगमावरच्या यात्रेकरूंना बहुधा ठाऊक नसतो. साजूक तूप, बडीशेप, जायफळ आणि करपायच्या बेतात आलेली साखर. हा वास प्रयागच्या नाताळच्या केकचा!

आमच्या ह्यांची नोकरी रेल्वेतली, आणि उत्तर-मध्य रेल्वेचं मुख्यालय ह्याच गावात. त्यामुळे तीन हिवाळे मी इथे काढले. २०१८ साली अलाहाबादचं प्रयागराज झालं, पण केकला अजून सगळे 'अलाहाबादी केक'च म्हणतात.

गावाची रचना अशी, की रेल्वेच्या रुळांनी त्याचे सरळ दोन भाग केले आहेत. दक्षिणेला जुना चौक. गल्ल्या, मिठाईवाले, तुपाची दुकानं, अत्तरं, गर्दी. उत्तरेला सिव्हिल लाइन्स. १८५७ नंतर इंग्रजांनी आखलेले रुंद सरळ रस्ते, दुतर्फा झाडं, बंगले आणि चर्च. तिथलं मोठं दगडी चर्च म्हणजे ऑल सेंट्स कॅथीड्रल. गावातले लोक त्याला 'पत्थर गिरजा' म्हणतात. १८८७ मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली. त्याचा आराखडा केला विल्यम इमर्सनने. मुंबईच्या मैत्रिणींनो, केकची भांडी आणि सुकामेवा घ्यायला आपण ज्या क्रॉफर्ड मार्केटात जातो ना, तेही ह्याच इमर्सनचं! मला हे कळलं तेव्हा त्या परक्या गावात कोणी माहेरचं भेटल्यासारखं वाटलं.

आता केकची गंमत ऐका. तो भाजला जातो रुळांच्या ह्या बाजूला आणि त्याचं सामान येतं त्या बाजूहून. विलायती फ्रूट केकमध्ये लोणी आणि साखरेत मुरवलेल्या फळांच्या साली असतात, वर ब्रँडी. इथे लोण्याच्या जागी साजूक तूप. फळांच्या जागी पेठा, म्हणजे आपल्या कोहळ्याची ती पांढरी पाकवलेली मिठाई. बरोबर संत्र्याच्या सालीचा मार्मालेड, सुंठ, जायपत्री, आणि सगळ्यात आश्चर्य म्हणजे बडीशेपेची पूड. ब्रँडी घालणारे घालतात, पण तिच्यावाचून काही अडत नाही. केक खाताना पहिल्या घासाला जिभेवर येतं ते आपल्या ओळखीचंच काहीतरी, मग नानकटाईची आठवण होते, आणि मग लक्षात येतं की अरे, हा तर केक आहे!

मला तो शिकवला खालच्या मजल्यावरच्या आंटींनी. वय सत्तरीच्या पुढचं. यजमान रेल्वेतच होते, ते गेले. दोन्ही मुलं परदेशी. बोटांचे सांधे धरलेले, तरी दर नाताळला अकरा घरी केकची थाळी जायची. त्यातली ख्रिस्ती घरं फक्त तीन. बाकी सगळे आमच्यासारखे बदलीवाले, शेजारी, एक निवृत्त गार्डसाहेब, कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले. ह्या थाळ्या रिकाम्या परत यायच्या नाहीत. होळीला गुजिया भरून, ईदेला शेवया घालून, संक्रांतीला तिळाचे लाडू ठेवून त्या आंटींकडे परत जायच्या. जिन्यात कोणी आजारी असलं, कोणाकडे पाहुणे आले, हे त्या थाळीबरोबर आपोआप कळायचं. माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात आंटी म्हणाल्या, "अब हाथ नहीं चलता बेटा. इस साल बंद." मला केकपेक्षा त्या थाळ्यांची काळजी वाटली. केक विकतही मिळतो हो! पण विकतच्या डब्याला कोणी उलट गुजिया पाठवत नाही.

त्याच सुमारास माझे सासू-सासरे वेणीदानासाठी आलेले. सासूबाई अंडं खात नाहीत, घरात आणू देत नाहीत. मी त्यांना सगळं स्पष्ट सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "तूप फेसायचं असतं ना? अंडी नंतर घालतात ना?" हो म्हटल्यावर म्हणाल्या, "मग तोवरचं मी करते. पुढचं तुमचं तुम्ही बघा." चाळीस वर्षं दिवाळीत नानकटाई केलेला हात तो. आंटींच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून त्यांनी परातीत तूप फेसायला घेतलं. एकीला हिंदी धड येईना, दुसरीला मराठीचा गंध नाही, पण तूप कधी झालं ह्यावर दोघींचं एकाच क्षणी एकमत झालं. अंड्यांचा वाडगा पुढे आला तशा सासूबाई हात धुऊन बाहेर व्हरांड्यात जाऊन बसल्या. केक त्यांनी खाल्ला नाही, आजही खात नाहीत. आंटींनीही आग्रह केला नाही. मला ते फार आवडलं.

त्या आधीची खरेदीही सांगायला हवी. आंटींनी मला चौकात पाठवलं ते यादी न देताच. "वास घेऊन तूप आण," एवढंच. लोकनाथची गल्ली तिथल्या खाण्यापिण्यासाठी प्रसिद्ध. कचोरी, लस्सी, खोवा, काय नाही! पेठा घ्यायचा तो कोरडा, साधा पांढरा. केशरी, गुलाबी, वासाचे असतात ते नकोत. बोटाने दाबल्यावर वरून कडक आणि आतून रसाळ लागला पाहिजे. संत्री नागपुरी मिळाली, तेव्हा दुकानदाराला मी उगीचच सांगितलं, "हमारे यहाँ की हैं." त्याने भाव काही कमी केला नाही.

आता कृती देते. आंटींचं माप म्हणजे 'अंदाज', मी मात्र वजनकाटा घेऊन बसले होते. आठ इंची गोल डब्याचं हे प्रमाण आहे.

आदल्या रात्री १५० ग्रॅम पेठा, १५० ग्रॅम बेदाणे व काळ्या मनुका आणि ७५ ग्रॅम खजूर बारीक चिरून दोन संत्र्यांच्या रसात भिजवायचे. पेठ्याचे तुकडे बेदाण्याएवढेच हवेत. सकाळी त्यात १०० ग्रॅम मार्मालेड आणि ७५ ग्रॅम काजू-बदामाचे तुकडे घालायचे. केक ओलसर राहतो तो ह्या फळांमुळे. पेठ्यातली साखर ओलावा धरून ठेवते आणि हळूहळू आजूबाजूच्या केकला देते. म्हणून हा केक पहिल्या दिवशीपेक्षा चौथ्या दिवशी जास्त चांगला लागतो.

मग जळकी साखर. जाड बुडाच्या पातेल्यात १०० ग्रॅम साखर कोरडीच वितळवायची. सोनेरी झाली की थांबू नका, चिंचेच्या कोळासारखा रंग येऊन धुराची पहिली रेघ दिसली की उतरवा आणि कडेने अर्धी वाटी कढत पाणी सोडा. ते जोरात उसळतं, तेव्हा तोंड लांब ठेवा, मुलांना स्वयंपाकघराबाहेर काढा. हे पूर्ण गार होऊ द्यायचं. केकचा गडद रंग ह्याचाच, आणि किंचित कडूपणाही. तो नसेल तर एवढं गोड खाववत नाही.

२५० ग्रॅम मैदा, एक चहाचा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, एक चमचा बडीशेपेची पूड, अर्धा-अर्धा चमचा सुंठ आणि दालचिनी, पाव चमचा जायफळ आणि जायपत्रीची एक पाकळी कुटून, असं सगळं दोनदा चाळून घ्या. त्यातला मूठभर मैदा भिजलेल्या फळांना चोळायचा, म्हणजे ती तळाशी जाऊन बसत नाहीत.

आता २०० ग्रॅम तूप. ते रवाळ आणि थिजलेलं हवं. प्रयागच्या थंडीत तूप दगडासारखं होतं, तिथे परात उबेला धरावी लागते. आपल्या मुंबई-कोकणात उलट. तिथे तूप दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवावं. पातळ तूप कितीही फेसलं तरी त्यात हवा धरत नाही आणि केक विटेसारखा होतो. २०० ग्रॅम पिठीसाखर घालून तळहाताने एकाच दिशेने फेसा, पांढरं शुभ्र आणि हलकं होईपर्यंत. सासूबाईंची परीक्षा अशी, की त्यातली गोळी पाण्यात टाकली तर तरंगली पाहिजे. मग चार अंडी, एकेक करून, दर वेळी नीट फेसून. फाटल्यासारखं दिसलं तर चमचाभर मैदा घाला, सावरतं. पुढे मैदा आणि जळक्या साखरेचं पाणी आलटून-पालटून घालून हलक्या हाताने मिसळा. इथून पुढे फेसायचं नाही. शेवटी फळं. पीठ चमच्यावरून धप्पकन पडावं, वाहू नये.

लोण्याऐवजी तूप घालताना एक लक्षात ठेवायचं. लोण्यात थोडं पाणी असतं, तुपात जवळजवळ नसतं. म्हणून प्रमाण थोडं कमी घ्यायचं आणि रस, पाक ह्यांतून ओल भरून काढायची. लोण्याच्या कृतीत तेवढंच तूप ओतलं तर केक तेलकट होतो.

तिथे हे सगळं घरच्या ओव्हनपेक्षा बेकरीच्या भट्टीवर चालतं. डिसेंबरात सिव्हिल लाइन्समधल्या बेकऱ्यांसमोर डबे, पिशव्या, अंड्यांचे ट्रे घेऊन बायका-पुरुष नंबर लावून असतात. सामान आपलं, राबता भट्टीवाल्याचा. मोठ्या भांड्यात कारागीर हाताने मिसळतात आणि घरचं माणूस शेजारी उभं राहून डोळ्यांत तेल घालून बघत असतं, की आपलंच तूप आपल्याच केकात जातंय ना! डब्यावर नावाची चिठ्ठी. रात्र होते, धुकं उतरतं, चहा फिरतो. आपल्याकडे दिवाळीआधी रवा-मैदा-तूप घेऊन नानकटाईसाठी भट्टीवर बसतात ना, अगदी तस्सं. फक्त अंगावर दोन स्वेटर जास्त. पाव भाजून झाल्यावर भट्टीची आच उतरते, त्या उतरत्या आचेवर हे केक जातात. कारण फळांच्या केकला दमाने भाजणं हवं. जोराची आच दिली तर कडेचे बेदाणे कोळसा होतात आणि मध्यभाग कच्चा राहतो.

घरच्या ओव्हनमध्ये १५० अंश सेल्सिअसवर दीड ते पावणेदोन तास. डब्याला आतून दुहेरी कागद लावून तूप चोळा, आणि ओव्हनच्या तळाला पाण्याची उथळ ताटली ठेवा. तासाभराने वर रंग चढला असेल तर कागद झाका. विणकामाची सुई मध्यभागी खुपसून कोरडी निघाली की झालं. कुकरमध्ये मात्र हा केक करू नये असं माझं मत. एवढा वेळ कोरडा कुकर आचेवर ठेवणं बरं नव्हे. डब्यातच पूर्ण गार करा आणि कागदात गुंडाळून पत्र्याच्या घट्ट डब्यात ठेवा. उत्तरेच्या थंडीत पंधरा दिवस सहज टिकतो. आपल्या दमट हवेत चार दिवसांनी फ्रिजमध्ये टाकावा.

वरचं ग्लेझ ज्या दिवशी कापायचा त्याच दिवशी, आधी नाही, नाहीतर साखर पाझरून चिकट होते. दोन चमचे मार्मालेड चमचाभर पाण्यात गरम करून, गाळून केकच्या माथ्यावर लावायचं. ते सुकलं की एक वाटी चाळलेल्या पिठीसाखरेत दीड ते दोन मोठे चमचे संत्र्याचा रस थेंबाथेंबाने घालायचा. चमच्यावरून जाड तार पडली की थांबायचं आणि मध्यभागी ओतून कडेने आपोआप ओघळू द्यायचं. सुरीने सारखं करायला जाऊ नका. आंटी ह्यावर काही लावत नसत, ग्लेझ माझी भर. त्यांनी चाखून "ठीक है" म्हटलं.

त्या वर्षी अकराही थाळ्या गेल्या. आंटींचे गुडघे दुखत होते म्हणून जिना मी आणि मुलांनी चढला, आंटी खुर्चीवर बसून दारं मोजत होत्या. बारावी थाळी सासूबाईंनी आणली, बेसनाच्या लाडवांची, आणि ती आंटींच्या हातात दिली. "थाळी रिकामी नको," म्हणाल्या.

आता आमची बदली भुसावळला झाली आहे. इथे कोरडा पेठा हवा तेव्हा मिळतोच असं नाही. आगऱ्याकडून येणाऱ्या कोणाला तरी सांगून ठेवते, नाहीच जमलं तर कोहळ्याच्या घट्ट वड्या चिरून घालते, चालतात. दिवाळीत नानकटाई भाजून देणाऱ्या भट्टीवाल्याकडे गेल्या महिन्यात जाऊन विचारलं, की डिसेंबरात केक ठेवू द्याल का. त्याने किती डबे ते विचारलं. मी सहा सांगितले. म्हणाला, पावाची शेवटची खेप निघाली की रात्री आठला या, कागद आणि चिठ्ठ्या घरून आणा.