मुकें झालेलें यंत्र

दिवाळीच्या सुटींत आम्ही दोघें भावंडें राहुरीस आजोळीं गेलों होतों. आमच्याजवळ खिशांत मावेल एवढें गाणीं ऐकण्याचें यंत्र होतें. त्यांत दिवंगत आजीनें जात्यावर म्हटलेल्या ओव्या होत्या. त्यांची दुसरी प्रत कोठेंहि नव्हती.

एके सायंकाळीं यंत्र मुकें झालें. मामांच्या संगणकास रात्रभर जोडून ठेविलें, तरी सकाळीं तें निपचितच! आजीचा आवाज कायमचा गेला, या भयानें आम्हांस रडूं कोसळलें. मामा म्हणाले, "अरे, आधीं शोधा, मग रडा. मात्र एका वेळीं एकच गोष्ट बदला."

आम्हीं प्रथम दुसरी वायर लाविली. उपयोग झाला नाहीं. यंत्राच्या खाचेंत उजेड पाडून पाहिलें. तेथें धूळ नव्हती. मग मामांनीं आमची चूक दाखविली. आम्हीं वायर कीबोर्डच्या कडेच्या खाचेंत खोविली होती. अशा खाचेंतून बहुधा १०० मिलिअँपिअरच प्रवाह मिळतो. संगणकाच्या स्वतःच्या यूएसबी २.० खाचेंतून ५०० मिळूं शकतो. शिवाय संगणक निद्रिस्त झाला कीं पुष्कळदा तोहि पुरवठा थांबतो.

वायर संगणकाच्या मागील खाचेंत लाविली, संगणक जागा ठेविला, आणि थोड्या वेळानें पडद्यावर बॅटरीचें चिन्ह उमटलें. दुपारीं ओव्या ऐकूं आल्या, तेव्हां मामा पाठ फिरवून खिडकीशीं उभे राहिले. त्यांच्या आईचा तो आवाज! आम्हीं लगेच ओव्यांची प्रत संगणकावर उतरवून घेतली.

बालमित्रहो, यंत्रास दोष देण्यापूर्वीं आपण त्यास पुरेसें अन्न दिलें कीं नाहीं, तें पाहावें; आणि जें पुन्हां मिळणार नाहीं, त्याची प्रत आधींच करून ठेवावी.